घर, धुनी आणि गाणे

सामुदायिक जीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. एकत्र राहणारी माणसे हिशेबाच्या वह्या क्वचितच नीट ठेवतात. वितुष्ट आले की कागद नाहीसे होतात, आणि घर मोडले की साक्षीदार पांगतात. मागे उरतात ती गाणी. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाश्चात्य तरुणांनी आईबापांची घरे सोडून जी सामायिक घरे थाटली, त्यांच्याविषयी आपल्या मनात जे चित्र आहे ते बहुतांशी गाण्यांतूनच आलेले आहे. आपल्या देशात तर ते एकाच गाण्यातून आले असे म्हटले तरी चालेल. १९७१ साली देव आनंद यांच्या चित्रपटासाठी आशाबाईंनी ‘दम मारो दम’ गायिले, आणि हिप्पी म्हणजे काय याविषयी खेड्यापाड्यांतील माणसाचेही मत एका रात्रीत कायम झाले.

आम्हांला या विषयाकडे वळण्याचे कारण अगदी जवळचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा आणि चौथा अध्याय आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो. विश्वासणाऱ्यांचे सर्व काही समाईक होते, ते घरोघरी भाकर मोडीत, ही वाक्ये आपल्या प्रचारकांना तोंडपाठ असतात. पाचव्या अध्यायातील हनन्या आणि सप्पीरा यांची हकीकत मात्र आपण जरा घाईने उरकतो. समाईक जीवनाचे गाणे आणि समाईक जीवनाचा हिशेब यांत अंतर किती पडते, हा प्रश्न त्या घाईत राहून जातो. तोच प्रश्न आम्ही येथे दोन ठिकाणांच्या आधारे पाहू इच्छितो. एक अमेरिकेतील, दुसरे आपल्या मराठी संस्थानिकांचे देवास.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेट बॅरिंग्टन नावाचे गाव आहे. तेथील ट्रिनिटी चर्चची जुनी इमारत उपासनेतून मोकळी झाल्यावर १९६४ साली ॲलिस आणि रे ब्रॉक या दांपत्याचे ते राहते घर झाले. जवळच्या स्टॉकब्रिज येथील एका शाळेत ॲलिस ग्रंथपाल होत्या, रे हस्तव्यवसायाचे शिक्षक. शाळेतली मुले, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र असे जो येईल त्याला तेथे पथारी मिळे. १९६५ च्या नोव्हेंबरात आभारप्रदर्शनाच्या सणाचे जेवण तेथे झाले. जेवणानंतर आर्लो गथ्री हा अठरा वर्षांचा पाहुणा आणि त्याचा एक सोबती घरातला साठलेला कचरा गाडीत भरून टाकावयास निघाले. कचराकुंडीचे आवार सणामुळे बंद होते. त्यांनी तो एका उतारावरून खाली लोटला, पोलिसांनी माग काढला, दंड झाला. एवढ्याशा प्रसंगावर आर्लोने गाणे रचले. ते १९६७ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आले आणि अठरा मिनिटांहून अधिक चालते. आपल्या वाचकांना त्याचा घाट ओळखीचा वाटेल. कीर्तनातील आख्यानाप्रमाणे बहुतेक सारे बोलणे, मधूनमधून धृपद, आणि शेवटी श्रोत्यांनी ते धृपद उचलून धरावयाचे. उत्तरार्धात कथा सैन्यभरतीच्या कचेरीत जाते. कचरा टाकल्याबद्दल शिक्षा झालेला मनुष्य व्हिएतनामात जाऊन गावे जाळण्याइतका सच्छील आहे काय, अशी तेथे चौकशी होते, आणि हसता हसता ऐकणाऱ्याच्या घशात घास अडकतो.

हे गाणे त्या काळच्या सामायिक घराचे सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. परंतु घराविषयी त्यात किती सांगितले आहे? यजमान घंटाघरात राहतात. खालच्या सभागृहातील बाके काढल्यामुळे जागा पुष्कळ झाली आहे. आणि जागा पुष्कळ असल्यामुळे कचरा बाहेर टाकावयाची गरज कित्येक दिवस भासली नाही. बस्स. तो स्वयंपाक कोणी केला, भांडी कोणी घासली, आलेल्या प्रत्येकाचे मन कोणी सांभाळले, यांविषयी गाणे मुके आहे. ज्या बाईचे नाव त्याच्या मथळ्यात आहे, तिच्या श्रमाचा त्यात मागमूसही नाही. १९६९ मध्ये आर्थर पेन यांनी या गाण्यावर चित्रपट काढला. त्याच्या अखेरीस विवाहाचा पोशाख घातलेली ॲलिस चर्चच्या दाराशी एकटी उभी दिसते आणि पाहुणे निघून गेलेले असतात. स्वतः ॲलिस ब्रॉक यांना चित्रपटातले आपले चित्रण मुळीच आवडले नाही, आणि तो पडद्यावर येण्यापूर्वीच त्यांचा संसार मोडला होता. पुढे इमारत विकली गेली. १९९१ साली ती खुद्द आर्लो गथ्रीने विकत घेतली, आणि तेथे सर्वधर्मीयांसाठी एक केंद्र चालू केले. ॲलिस २०२४ च्या नोव्हेंबरात वारल्या.

त्या दशकातली दुसरी गाणी याहून उदात्त आहेत, पण घरापासून आणखी दूर. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल गावी, मॅक्स यास्गर नावाच्या गोपालकाच्या शेतावर, चार लाखांच्या आसपास तरुण जमले. या वुडस्टॉक मेळ्याचे गाणे जोनी मिचेल यांनी लिहिले. त्या स्वतः तेथे नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये दूरचित्रवाणीवर मेळ्याच्या बातम्या पाहून त्यांनी ते रचले. त्यातली मध्यवर्ती कल्पना एदेन बागेत परतण्याची आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात बागेच्या वाटेवर करूब आणि ज्वालारूप तरवार ठेवलेली आहे, हे आपण जाणतो. गाण्याला ती तरवार दिसत नाही. तरीही त्या गाण्याला हसणे आम्हांला योग्य वाटत नाही. ज्यांच्या देवळांनी त्यांना बागेची ओढच लावली नाही त्यांनी ती गाण्यातून घेतली, यात दोष सर्वस्वी त्यांचा नाही.

आता देवास. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना माळव्यातील हा मुलूख मिळाला. पुढे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, दोन दरबार आणि दोन राजवाडे झाले. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. शेजारी धारला त्याच कुळाची दुसरी शाखा. दरबारी मराठी, बाजारात माळवी, कागदोपत्री इंग्रजी, असा त्या गावांचा जीवनक्रम होता. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याला वसलेल्या या लहानशा राजधानीत सामुदायिक गायनाचे तीन प्रकार एकाच शतकात नांदले, आणि त्यांतला प्रत्येक आपल्या प्रश्नाचे वेगळे उत्तर देतो.

पहिला प्रकार राजवाड्याचा. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खासगी चिटणीस होते. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यांनी जुन्या राजवाड्यात पाहिली. ती हकीकत त्यांच्या पत्रांत असून १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापली आहे. दिवसचे दिवस भजन चाले, आणि खुद्द महाराज झांजा घेऊन देवापुढे नाचत. १९२४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा तिसरा भाग याच अनुभवावर उभारलेला आहे. त्यातले प्राध्यापक गोडबोले दक्षिणी ब्राह्मण, गाणाऱ्यांचे पुढारी. गाताना त्यांच्या मनात एका वृद्ध इंग्रज बाईंची आठवण येते, ते तिला प्रेमाने आपल्यात घेतात. मग एक गांधीलमाशी आठवते, तीही सामावते. मग ती माशी ज्या दगडावर बसली होती तो दगड आठवतो, आणि तेथे प्रयत्न अडतो. दगड सामावला जात नाही. ‘देव प्रीती आहे’ हे योहानाच्या पत्रातले सूत्र त्या उत्सवात इंग्रजीत भिंतीवर झळकते, आणि त्यात एका शब्दाची अक्षरे उलटी पडली आहेत. आमचे इंग्रज मिशनरी या विनोदावर रागावत असत असे ऐकतो. आम्हांला तो राग पटत नाही. सामुदायिक गायन माणसाला किती रुंद करते आणि नेमके कोठे थांबते, हे ख्रिस्ती नसलेल्या लेखकाने इतके अचूक दाखविले आहे की दुसरा दाखला शोधण्याची गरज नाही. राजवाड्याच्या हिशेबाचे म्हणाल तर संस्थान कर्जात बुडाले, १९३३ मध्ये तुकोजीराव पाँडिचेरीस निघून गेले, आणि १९३७ मध्ये तेथेच वारले.

दुसरा प्रकार धुनीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी शीलनाथ महाराज नावाचे नाथपंथी साधू देवासला राहिले. त्यांच्या धुनीभोवती फिरते जोगी, गावचे गवई, कामकरी, सरकारी नोकर असे नाना तऱ्हेचे लोक बसत आणि कबीर, गोरख यांच्या नावाची निर्गुण पदे गात. तेथे गाइल्या जाणाऱ्या पदांचा संग्रह ‘शीलनाथ शब्दामृत’ या नावाने छापला गेला. धुनी म्हणजे घर नव्हे. तिला भिंती नाहीत, वंशपरंपरेने वाटून घ्यावे असे काही नाही. विस्तव जागता ठेवावयाचा, आणि येईल त्याने बसावयाचे. अर्थात बसण्याचे मान तेथेही असत, आणि स्त्रिया त्या वर्तुळात क्वचितच दिसत, हे विसरून चालणार नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, एक तरुण गवई क्षयरोग घेऊन देवासला राहावयास आला. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी गावचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकलेला, कुमार गंधर्व या नावाने अकराव्या-बाराव्या वर्षीच गाजलेला. हवा कोरडी म्हणून वैद्यांनी माळवा सुचविला होता. पाच-सहा वर्षे गाण्याची मनाई. पत्नी भानुमती शुश्रूषा करीत. पुढे स्ट्रेप्टोमायसीनने आराम पडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी बायकांची लोकगीते ऐकली, बाजारातले आवाज ऐकले, आणि दारावरून जाणाऱ्या नाथजोग्याचे निर्गुण भजन ऐकले. ‘शब्दामृत’ संग्रहातील पदे पुढे त्यांनी स्वतःच्या स्वररचनेत बांधली. कानडी घरात जन्मलेला, मराठीत वाढलेला हा मनुष्य १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच वारला, आणि उत्तर हिंदुस्थानच्या संतवाणीचा त्याच्याइतका मर्मज्ञ गायक त्या पिढीत दुसरा नव्हता असे आमचे मत आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने कुमारजींचे एक प्रतिपादन महत्त्वाचे आहे. निर्गुण भजन म्हणजे एकट्या माणसाचे गाणे; ज्याच्या मागेपुढे कोणी नाही अशा जोग्याचा तो स्वर; तो फेकताना आजूबाजूला एकांत निर्माण झाला पाहिजे, असे ते सांगत. म्हणजे धुनीभोवती दहा माणसे एकत्र बसून जे गातात ते गाणे मुळात एकटेपणाचे! या पदांत काया ही नगरी आहे, तिला दहा दारे आहेत, तीत पाहुणा थोडाच काळ राहणार आहे. सहवासाचे वर्णन त्यांत जवळजवळ नाही. ग्रेट बॅरिंग्टनचे गाणे घराविषयी गाते आणि घर टिकत नाही. देवासचे गाणे घर सोडण्याविषयी गाते आणि त्याभोवती माणसे पिढ्यान्‌पिढ्या बसतात. हा योगायोग नसावा. जे गाणे आपल्या एकत्र असण्याचेच कौतुक करते, त्याला एकत्र असणे संपले की विषय उरत नाही. जे गाणे प्रत्येकाला त्याच्या मरणाची आठवण देते, त्याला श्रोता कधी कमी पडत नाही.

कुमारजींच्या गायनाने या पदांचे काय झाले, याविषयी मतभेद आहेत. ज्यांनी कबीर कधी कानांवर घेतला नव्हता अशा मुंबई-पुण्याच्या सभागृहांत तो पोचला, हे खरे. पण पोचला तो एकाच्या गळ्यातून. ऐकणारा तिकीट काढून अंधारात बसला, आणि धृपद उचलण्याचे त्याचे काम संपले. आपल्या मोठ्या चर्चमध्येही गायकवृंद पुढे आल्यापासून ‘उपासना संगीत’ मिटून मांडीवर ठेवणारे सभासद वाढले आहेत, ते आम्हांला येथे आठवते.

तिसरा प्रकार खेड्यांतला, आणि आम्हांला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा. देवास, उज्जैन, धार, इंदूर या जिल्ह्यांच्या गावांतून कबिराची भजने गाणारे गट आहेत. त्यांत बलाई या दलित जातीतील गायकांचा भरणा मोठा. तंबुरा, करताल, ढोलक, मंजिरा एवढे साहित्य. दिवसाची मजुरी आटोपून रात्री बसावयाचे आणि पहाटेपर्यंत गावयाचे. या गटाला तेथे ‘मंडली’ म्हणतात. ग्रीक नव्या करारातील एक्लेसिया या शब्दासाठी आपल्या मराठी भाषांतरकारांनी ‘मंडळी’ हाच शब्द निवडला, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. १९९१ मध्ये एकलव्य या शिक्षणसंस्थेने देवासला ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. दरमहा ठरल्या रात्री अनेक गावांच्या मंडल्या तेथे येत, गात, आणि गाण्यांच्या मधल्या वेळात त्या पदांच्या अर्थावर बोलत. जातीपातीवर आसूड ओढणारे पद गाऊन झाल्यावर कोणीतरी विचारी: मग तुझ्या गावच्या विहिरीचे काय? कर्मकांडाची थट्टा करणारे पद झाले की दुसरा विचारी: मग आपण गुरूच्या चौका-आरतीला नारळ का नेतो? १९९८ पर्यंत हे चालले.

या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध गायक प्रह्लादसिंह टिपानिया, उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे, व्यवसायाने शाळामास्तर. त्यांनी पुढे कबीरपंथाच्या एका गादीचे महंतपद स्वीकारले, आणि मंचावरील प्रश्न त्यांच्या स्वतःच्या अंगणात आला. जे विधी आपण गाण्यात नाकारतो ते आपल्याच हातून घडावेत काय? शबनम विरमानी यांच्या २००८ च्या एका माहितीपटात हा पेच त्यांच्या मित्रांसह, घरच्यांसह उघडपणे मांडलेला आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. देवास जिल्ह्यातील टोंकखुर्दचे कालूराम बामनिया यांना २०२४ मध्ये, आणि महूकडचे भेरूसिंह चौहान यांना २०२५ मध्ये. ज्यांना गावात वेगळ्या कपात चहा मिळे, त्यांच्या जातीच्या गायकांना आता राष्ट्रपतिभवनात बोलावणे येते. कप सर्वत्र बदलला आहे असे मात्र नाही.

पाळक म्हणून आम्हांला जे टोचते ते येथेच. धारला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी १८९५ च्या सुमारास कार्य मांडले आणि तीस वर्षे रुग्णसेवा केली. त्या काळी मध्य हिंदुस्थानातील मिशनची आवारे हीच आपल्या लोकांची सामायिक घरे होती. छप्पनच्या दुष्काळात पोरकी झालेली मुले तेथे वाढली; जातीने टाकलेली कुटुंबे तेथे एका विहिरीचे पाणी प्यायली. घर आवडले नाही म्हणून नव्हे, घराने बाहेर काढले म्हणून ती एकत्र आली. पुढे त्या आवारांनाही भिंती झाल्या, आणि भिंतीबाहेरच्या मंडलीत आपली माणसे रात्री जाऊन बसली आहेत असे फारसे दिसत नाही.

नारायण वामन टिळकांना ही भिंत दिसली होती. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताच्या पायांशी बसावे, आणि बसण्याचे साधन भजन असावे. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार विस्कळीत झाला. १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी अहमदनगरकडे काढलेला आणि पुढे पुण्यात स्थिर झालेला ख्रिस्त सेवा संघ हा त्याच ओढीचा वारसा. विन्स्लोंनी टिळकांचे चरित्र लिहिले हा केवळ वाङ्मयीन योग नव्हता. टिळकांची भजने आपण आजही गातो. परंतु त्या घराचा हिशेब पाहावयाचा असेल तर भजनांत तो सापडणार नाही. तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. कवी कोणालाही घरी घेऊन येत, हाती असेल ते देऊन टाकीत, आणि चुलीपाशी लक्ष्मीबाई पिठाचा अंदाज घेत. ग्रेट बॅरिंग्टनच्या गाण्यात जी बाजू गळली ती आपल्याकडे एका बाईने स्वतः, आणि तीही हसत हसत, लिहून ठेवली. आमच्या समजुतीप्रमाणे मराठी ख्रिस्ती समाजाने सामुदायिक जीवनाच्या इतिहासाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, आणि ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमात तिला अद्याप जागा नाही.

माळव्यात मंडल्या चालूच आहेत. रात्र सरत आली की एक जण उठून तंबुरा शेजाऱ्याच्या हाती देतो आणि स्वतः करताल घेतो. कोण चांगला गातो याची तेव्हा फारशी विचारपूस होत नाही. आतल्या घरात चहा ठेवलेला असतो. तो ठेवणारी सहसा बाहेर येऊन बसत नाही. उंबऱ्याच्या आतून धृपदाला सूर मात्र देते.